इंडियाना फुटबॉल २०२४: सिग्नेटींचा पहिला हंगाम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२६ मध्ये इंडियाना विद्यापीठाने अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि तेव्हापासून प्रश्नांची रीघ लागली आहे. बहुतेकांचा सूर एकच: हे लोक अचानक कुठून उगवले? उगवले ते २०२४ मध्ये, कर्ट सिग्नेटी या नव्या कोचच्या पहिल्याच हंगामात. म्हणून हे पान त्या एका हंगामापुरतं आहे. खेळ नवा असेल तर पहिल्यापासून वाचा. माहीत असेल तर थेट प्रश्न ५ वर गेलात तरी चालेल.

१. हा फुटबॉल म्हणजे मेस्सीवाला नव्हे ना?

नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू लांबट, दोन्हीकडे निमुळता, आणि बहुतेक वेळ हातातच. मैदान १०० यार्डांचं. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाला १० यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, त्यांना 'डाउन' म्हणतात. सरकलात की पुन्हा नव्या चार. एकेक डाउन कबड्डीतल्या चढाईसारखा समजा: काही सेकंदांची झटापट, शिट्टी, पुन्हा सगळे जागेवर. समोरच्याच्या टोकाला पोचलात की टचडाउन, ६ गुण, आणि वर एका किकचा १. लांबून दोन खांबांमधून किक मारली तर ३, तो 'फील्ड गोल'. कोणाकडे चेंडू द्यायचा किंवा फेकायचा हे बघणारा तो क्वार्टरबॅक. तीन डाउन वाया गेले की चौथ्याला बहुतेक कोच चेंडू लांब लाथाडून समोरच्याला देऊन टाकतात. तो 'पंट'. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे इंडियानाला नडणार आहे.

२. कॉलेजच्या पोरांच्या खेळाला एवढं महत्त्व कशाला?

कारण बऱ्याच राज्यांत व्यावसायिक संघच नाही, विद्यापीठ हाच गावाचा संघ. ब्लूमिंग्टनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये सुमारे ५२ हजार माणसं बसतात आणि तरी ते मोठ्यांत धरत नाहीत. मिशिगन आणि ओहायो स्टेटची मैदानं लाखाच्या वरची. सामने शनिवारी, ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत, एकूण १२. इंडियाना ज्या गटात खेळते त्याचं नाव 'बिग टेन', पण २०२४ पासून त्यात संघ १८ आहेत. नाव बदलायचं कोणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

३. इंडियाना, पर्ड्यू, नोटर डेम, आययूपी... यातलं आपलं कोणतं?

इंडियाना, पर्ड्यू आणि नोटर डेम ही तिन्ही इंडियाना राज्यातली. 'इंडियाना' म्हणजे ब्लूमिंग्टनचं सरकारी विद्यापीठ. खेळाडूंना 'हूझियर्स' म्हणतात. पर्ड्यू वेस्ट लाफायेटचं, आपल्या इंजिनिअर मंडळींना जास्त ओळखीचं. नोटर डेम साउथ बेंडजवळचं कॅथलिक विद्यापीठ, फुटबॉलमधलं जुनं बडं घराणं. आणि आययूपी म्हणजे इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया. ते पेनसिल्व्हेनियातल्या इंडियाना नावाच्या गावात आहे आणि ब्लूमिंग्टनशी त्याचा काडीचा संबंध नाही. गंमत अशी की नवे कोच दोन्ही ठिकाणी कोच होते, म्हणून घोळ होतो. ते प्रश्न ५ मध्ये.

४. आधी ही टीम खरंच इतकी वाईट होती का?

होती. मोठ्या कॉलेजांमध्ये सर्वाधिक पराभव कोणाच्या खात्यावर, असा प्रश्न आला की २०२४ च्या सुरुवातीला उत्तर इंडियाना होतं. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात एका हंगामात १० विजय एकदाही नाहीत. सांगायला दोनच वर्षं: १९४५, जेव्हा एकही सामना हरले नाहीत, आणि १९६७, जेव्हा रोज बोल या मानाच्या सामन्यापर्यंत पोचून तिथे हरले. ब्लूमिंग्टन हे बास्केटबॉलचं गाव. फुटबॉलचा सामना म्हणजे दुपारी पार्किंगमध्ये खाणं-पिणं, आणि मध्यंतरानंतर निम्मं स्टेडियम रिकामं.

आधीचे कोच टॉम अ‍ॅलन यांनी २०१९ आणि २०२० मध्ये आशा दाखवली होती. मग २-१०, ४-८, ३-९ (आधी विजय, मग पराभव) अशी तीन वर्षं गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना काढलं, आणि करार मोडल्याची भरपाई म्हणून १ कोटी ५५ लाख डॉलर द्यावे लागले. हो, न शिकवण्याचे. कॉलेज फुटबॉलमध्ये हे रोजचं आहे; करार लांब पल्ल्याचे असतात आणि धीर आखूड.

५. सिग्नेटी कोण? आधी नाव कसं ऐकलं नाही?

कारण ते मोठ्या रस्त्याने आलेच नाहीत. कर्ट सिग्नेटी यांचा जन्म १९६१ चा, पिट्सबर्गचा. वडील फ्रँक सिग्नेटी हेही नावाजलेले कोच. कर्ट बरीच वर्षं सहायक होते. २००७ ते २०१० अलाबामा विद्यापीठात निक सेबन या नामांकित कोचच्या हाताखाली, २००९ चं राष्ट्रीय विजेतेपद त्यातलंच. तिथे थांबले असते तर पगार आणि प्रतिष्ठा दोन्ही वाढत गेली असती. पण पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी ते सोडून आययूपीचं मुख्य कोचपद घेतलं. दुसऱ्या श्रेणीचं कॉलेज, वडिलांनी पूर्वी सांभाळलेलं. तिथून ईलॉन विद्यापीठ, मग व्हर्जिनियातलं जेम्स मॅडिसन विद्यापीठ. तिन्ही ठिकाणी मिळून ११९ विजय, ३५ पराभव, आणि हरल्याचं पारडं जड असलेला हंगाम एकही नाही.

ब्लूमिंग्टनला आल्या आल्या त्यांनी बास्केटबॉलच्या भर गर्दीत पर्ड्यू, मिशिगन आणि ओहायो स्टेट तिघांचाही उद्धार केला. पोरांना इथे यायला कसं पटवता, असं पत्रकाराने विचारलं तेव्हाचं उत्तर आता टी-शर्टवर छापलेलं मिळतं: सोपं आहे, मी जिंकतो, गूगल करून बघा. तेव्हा ऐकणाऱ्यांना ही बढाई वाटली. मलाही वाटली, खोटं कशाला बोलू. पण गूगल केल्यावर वरचे आकडे येत होते, आणि ते बघायची तसदी फार थोड्यांनी घेतली. बिग टेनच्या पत्रकारांनी हंगामाआधी इंडियानाला १८ पैकी १७ वं धरलं होतं.

६. एका वर्षात टीम बदलली कशी? हाच प्रश्न सगळ्यांचा.

माझं उत्तर एका वाक्यात: कोच एकटे आले नाहीत, बिऱ्हाड घेऊन आले.

जेम्स मॅडिसनमधून त्यांच्यामागोमाग १३ खेळाडू आले. आक्रमणाचे प्रमुख माइक शॅनहन आणि बचावाचे प्रमुख ब्रायंट हेन्सही तिथलेच. खेळाडूंमध्ये पास पकडणारा एलाइजा सरॅट, बचावाचा म्होरक्या एडन फिशर, क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून जाणारा मिकाईल कमारा, अंगाने छोटा पण चेंडू हिसकावण्यात तरबेज डीअँजेलो पॉन्ड्स. बिग टेनच्या मोठ्या संघांनी शाळेत असताना यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. सिग्नेटींचा नियम साधा: पोरगा पुढे काय होईल याचे अंदाज बांधत बसायचं नाही, त्याने मैदानावर आजवर काय करून दाखवलंय ते बघायचं.

आता याचा फायदा मैदानावर कसा दिसतो ते बघा. इंडियानाचा एक आवडता डाव होता, त्याला आरपीओ म्हणतात. क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी नेतो, पण लगेच सोडत नाही. दोघांचेही हात चेंडूवर, आणि क्वार्टरबॅकचे डोळे समोरच्या एकाच बचावपटूवर. तो पुढे झेपावला तर चेंडू ओढून घ्यायचा आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत फेकायचा. तो जागीच थांबला तर सोडून द्यायचा, धावणारा पळेल. निर्णयाला सेकंदसुद्धा नाही. त्याच क्षणी पास घेणाऱ्याने मान वळवलेली हवी आणि पुढच्या पाच धिप्पाड गड्यांनी पाऊल योग्य दिशेला टाकलेलं हवं. हे सगळं फळ्यावर दहा मिनिटांत कळतं, अंगात मुरायला वर्षं जातात. नवा कोच सहसा पहिलं वर्ष त्यातच घालवतो. इथे पहिल्या सरावापासून शिकवायला कोच होतेच, आणि शेजारी उभं राहून 'अरे, पाय असा नाही, असा' म्हणणारी १३ पोरंही होती.

क्वार्टरबॅक मात्र जेम्स मॅडिसनचा नव्हता. कर्टिस रोर्क ओहायो विद्यापीठातून आला. कॅनडाचा, शांत, बघताना थोडा कंटाळवाणाच. हंगामात २९ टचडाउन पास टाकले आणि समोरच्याच्या हातात फक्त ५ दिले.

७. म्हणजे आयपीएलचा लिलावच की!

नाही, आणि हा फरक नीट समजून घ्या. लिलावात खेळाडूला कुठे जायचं ते विचारत नाहीत. इथे 'ट्रान्सफर पोर्टल' नावाची यादी आहे, खेळाडू स्वतः त्यात नाव घालतो आणि ज्याला हवं तो संपर्क साधतो. पूर्वी कॉलेज बदललं तर बहुतेकदा एक वर्ष बाहेर बसावं लागे. ती अट आधी एका बदलीपुरती गेली, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यास ठीक असला तर कितीही वेळा बदला.

पैशांचं म्हणाल तर २०२४ मध्ये कॉलेज थेट पैसे देऊ शकत नव्हतं. स्वतःच्या नावाच्या आणि चेहऱ्याच्या वापराचे पैसे जाहिरातदारांकडून आणि समर्थकांच्या मंडळांकडून मिळत. कॉलेजांनी थेट देणं १ जुलै २०२५ पासून सुरू झालं. तेव्हा 'पैसे ओतून टीम विकत घेतली' हे म्हणणं या हंगामापुरतं तरी अर्धवट आहे. ज्या १३ जणांवर डोलारा उभा राहिला ते बाजारात महाग नव्हते.

८. रोर्क सहा वर्षं कॉलेजात? नापास होत होता का?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो. नापास नाही. तेव्हाचा नियम पाच वर्षांत चार हंगाम खेळण्याचा. एखाद्या वर्षी चारपेक्षा जास्त सामने खेळला नाहीत तर ते वर्ष मोजत नसत; त्याला 'रेडशर्ट' म्हणतात. वर २०२० चा हंगाम करोनामुळे सगळ्यांनाच माफ झाला. रोर्क २०१९ मध्ये ओहायोला गेला. एक रेडशर्ट, एक करोना, म्हणून २०२४ सहावं. करोनाची सवलत मिळालेले खेळाडू आता संपत आले, त्यामुळे हा प्रश्नही संपेल.

९. हंगाम कसा गेला, थोडक्यात सांगा.

पहिला फ्लोरिडा इंटरनॅशनलशी ३१-७. मग वेस्टर्न इलिनॉयला ७७-३, जे पाहून कोणी फार मनावर घेतलं नाही. कॅलिफोर्नियात जाऊन यूसीएलएला ४२-१३ हरवलं तेव्हा लोक जरा सरसावून बसले. शार्लट, मेरीलँड, नॉर्थवेस्टर्न. सहापैकी सहा.

१९ ऑक्टोबरला नेब्रास्काचा ५६-७ असा धुव्वा उडाला, पण त्यात रोर्कचा फेकणाऱ्या हाताचा अंगठा दुखावला. शस्त्रक्रिया झाली. पुढच्या शनिवारी वॉशिंग्टनविरुद्ध टेव्हन जॅक्सनने धुरा घेतली, पॉन्ड्सने सुरुवातीलाच चेंडू हिसकावून थेट टचडाउनपर्यंत नेला, ३१-१७. रोर्क मिशिगन स्टेटविरुद्ध परतला. तिथे इंडियाना ०-१० अशी मागे पडली, आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्या मोसमात त्यांनी पिछाडी बघितली ती तेव्हा पहिल्यांदा. पुढचे ४७ गुण सगळे इंडियानाचे.

९ नोव्हेंबरला मिशिगन, आधीच्या वर्षीचे राष्ट्रीय विजेते. पहिल्या अर्ध्यात १७-३. दुसऱ्या अर्ध्यात इंडियानाचं आक्रमण जणू झोपलं. मिशिगनने १७-१५ पर्यंत आणलं, बरोबरी करू शकणारा दोन गुणांचा प्रयत्न (टचडाउननंतर एका गुणाच्या किकऐवजी हा करता येतो) फसला, मग एक फील्ड गोल आणि २०-१५. दहावा विजय, संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच. त्यानंतर आठवड्याने सिग्नेटींना ८ वर्षांचा, ७ कोटी २० लाख डॉलरचा नवा करार मिळाला. पहिला करार होऊन वर्षही झालं नव्हतं.

ओहायो स्टेट प्रश्न ११ मध्ये, पर्ड्यू १५ मध्ये, नोटर डेम १३ मध्ये. शेवटी ११ विजय, २ पराभव.

१०. पण वेळापत्रक सोपं होतं ना? खरं सांगा.

सोपं होतं. हरवलेल्या ११ संघांपैकी नियमित हंगामाअखेर विजय जास्त आणि पराभव कमी असा एकटा मिशिगन. मिशिगन आणि वॉशिंग्टन हे आधीच्या मोसमाचे अंतिम फेरीवाले, पण दोघांचेही कोच आणि क्वार्टरबॅक निघून गेले होते. पाट्या मोठ्या, दुकानात माल नाही. टीकाकारांचं इथवर मान्य.

पण सोपा पेपर असला तरी शंभरपैकी अठ्ठ्याण्णव सगळ्यांना मिळत नाहीत. ११ पैकी १० विजय किमान १४ गुणांच्या फरकाने आहेत. १३ सामन्यांत ५३७ गुण केले, २०३ दिले. आणि जे दोन हरले ते ओहायो स्टेट आणि नोटर डेम, म्हणजे २० जानेवारी २०२५ ला अंतिम सामना खेळलेले दोन संघ. हे टीका करणारे सांगत नाहीत.

११. ओहायो स्टेटने एवढं का धुतलं?

३८-१५ हा आकडा सामन्यापेक्षा वाईट दिसतो, पण सामनाही वाईटच होता. सुरुवात इंडियानाने टचडाउनने केली. मध्यंतराला थोडा वेळ असताना इंडियाना पंट करायला उभी राहिली. मागे पायांमधून फेकलेला चेंडू पंटरकडे आला, हातातून निसटला, आणि तो उचलेपर्यंत अंगावर माणसं. चेंडू ओहायो स्टेटला मिळाला तो टचडाउनपासून ७ यार्डांवर. १४-७. तिसऱ्या भागात पुढचा पंट केलब डाउन्सने उचलला आणि ७९ यार्ड पळत नेला. २१-७. तिथे सामना गेला.

पण सगळं पंटवर ढकलू नये. रोर्कला पाच वेळा चेंडूसकट जमिनीवर आपटलं. एक लाखाच्या गोंगाटात पुढच्या फळीला इशारे ऐकू जाईनात. पूर्ण सामन्यात इंडियानाचे १५१ यार्ड. ताकदीतला फरक होता, तो दिसला.

१२. बिग टेनमध्ये ८-१ असून अंतिम सामना का नाही? आणि आठवा क्रमांक असून दहावं मानांकन का?

दोन वेगळे नियम, लोक एकत्र करतात.

गटात ओरेगन ९-०, मग इंडियाना आणि पेन स्टेट दोघेही ८-१. ते एकमेकांशी खेळलेच नव्हते. समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धही दोघांचा हिशेब सारखा, दोघेही ओहायो स्टेटशीच हरलेले. मग प्रतिस्पर्ध्यांची एकत्रित कामगिरी बघतात, तिथे पेन स्टेट पुढे. म्हणजे प्रश्न १० मधलं वेळापत्रक इथे खरंच नडलं.

मानांकनाचं असं: २०२४ हे १२ संघांच्या प्लेऑफचं पहिलं वर्ष. त्यात वरच्या चार जागा गटविजेत्यांना राखीव होत्या. त्यामुळे क्रमवारीत नववी बॉइझी स्टेट आणि बारावी अ‍ॅरिझोना स्टेट तिसऱ्या-चौथ्या मानांकनावर गेल्या, आणि मधले सगळे दोन पायऱ्या खाली. पुढच्याच वर्षी हा नियम काढला. आता क्रमवारी तेच मानांकन.

१३. नोटर डेमविरुद्ध मागे असताना पंट का केला?

२० डिसेंबर २०२४, साउथ बेंड, १२ संघांच्या प्लेऑफचा इतिहासातला पहिला सामना. सुरुवातीलाच रोर्कचा पास टचडाउनच्या दारात नोटर डेमने पकडला, आणि पुढच्याच डाउनला जेरमाया लव्ह ९८ यार्ड पळाला. मैदान फक्त १०० चं आहे, हे लक्षात घ्या. चौथ्या भागात ३-२० अशी पिछाडी असताना, मैदानाच्या मध्याजवळ, सिग्नेटींनी पंट केला. एरवी आक्रमक बोलणाऱ्या माणसाने असं करावं याची भरपूर टर उडवली गेली. माझ्या मते ती रास्त होती. १७ गुणांनी मागे आणि वेळ सरत असताना चेंडू देऊन टाकणं म्हणजे मागितल्याशिवाय हार देणं. शेवटच्या दीड मिनिटात दोन टचडाउन आले म्हणून २७-१७ दिसतं, तेवढी चुरस नव्हती.

१४. रोर्क मोडक्या गुडघ्याने खेळला ही अफवा आहे का?

अफवा नाही. ऑगस्टच्या सरावातच गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटला होता, हे हंगाम संपल्यावर जानेवारी २०२५ मध्ये बाहेर आलं. अख्खा हंगाम तसाच खेळला, मग शस्त्रक्रिया. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्याला सातव्या फेरीत घेतलं. अंगठा वेगळा, तो प्रश्न ९ मध्ये. पुढच्या वर्षी त्याच्या जागी फर्नांडो मेंडोझा आला, त्याने वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळवली आणि संघ १६-० गेला.

१५. भाचा ब्लूमिंग्टनला, मुलगी पर्ड्यूला. पोहऱ्याच्या सामन्याला आम्ही कोणाकडून?

असं घर तुमचं एकट्याचं नाही, अमेरिकेतल्या मराठी मंडळींत निदान तीन-चार तर माझ्याच ओळखीत आहेत. इंडियाना–पर्ड्यू सामन्याची ट्रॉफी म्हणजे दक्षिण इंडियानातल्या एका शेतावरच्या विहिरीचा ओकच्या लाकडाचा पोहरा. दरवर्षी जिंकणाऱ्याच्या अक्षराची ब्राँझची कडी त्याच्या साखळीला जोडतात, इंडियानाची आय, पर्ड्यूची पी.

३० नोव्हेंबर २०२४ चा सामना ब्लूमिंग्टनला, रात्रीचा, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. भारतात रविवारी पहाटे साडेपाच वाजता सुरू झाला. (अमेरिकेची घड्याळं नोव्हेंबरच्या सुरुवातीला मागे जातात, म्हणून तिथले रात्रीचे ७ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, त्याआधी साडेचार.) निकाल ६६-०. या लढतीतला आजवरचा सर्वांत मोठा फरक. त्या हंगामात पर्ड्यूचा एकच विजय होता, त्यामुळे मुलीला फोन जरा जपूनच करा.

बाजू घ्यायचीच नसेल तर साखळीची पहिली कडी बघा. १९२५ मध्ये पोहरा पहिल्यांदा ठेवला तेव्हा सामना ०-० सुटला. म्हणून त्या कडीवर दोन्ही अक्षरं आहेत.